आजीची निगेटिव्ह: हाताच्या रीटचिंगच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३

शाळेला दिवाळीची सुट्टी आहे आणि हवा गार पडू लागली आहे, म्हणून जुन्या निगेटिव्ह दुरुस्त करायला आजपासून सुरुवात. गार हवा महत्त्वाची, कारण निगेटिव्हवरचा थर जिलेटिनचा असतो. कोमट पाण्यात तो फुगतो आणि फिल्मवरून सुटतो. सांगलीच्या उन्हाळ्यात हे काम घरी काढू नये.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या माहेरच्या घरात पाणी माळ्याच्या फळीला लागलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात ती ५७ फुटांच्या वर गेली होती. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आजोबांनी जपलेल्या निगेटिव्ह होत्या. पाणी उतरल्यावर भावानं आणि मी त्या गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरल्या आणि एकमेकींना चिकटलेल्या होत्या तशाच वाळू दिल्या. सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. ओल्या असतानाच गार, स्वच्छ पाण्यात ठेवून सुट्या केल्या असत्या तर बऱ्याच वाचल्या असत्या. कुणाच्या घरात पुन्हा पाणी शिरलं तर एवढं लक्षात ठेवा: ओले फोटो, ओल्या फिल्म वाळण्याआधी सुट्या करा. दोन दिवसांत जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा.

आज मोजदाद केली. एकूण ३१ निगेटिव्ह, सगळ्या कट फिल्म, म्हणजे एकेका फोटोची सुटी फिल्म, काच एकही नाही. १७ सुट्या, १४ चा एकच गठ्ठा. बहुतेक क्वार्टर साइझच्या, चार त्याहून मोठ्या, हाफ साइझ. तिघींना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ती फिल्मच कुजायला लागली आहे, म्हणून त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या.

मला मुख्यतः एकच दुरुस्त करायची आहे: आजीची हाफ साइझ. पाकिटावर शाईनं लिहिलेलं सगळं वाहून गेलंय, पण कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं ‘मार्च १९६२’ अजून वाचता येतं. आजी १९७४ साली गेली, माझ्या जन्माच्या चार वर्षं आधी. कराडच्या आत्याकडे भिंतीवर या निगेटिव्हची प्रिंट आहे. मी आजीला तेवढंच पाहिलंय. ती प्रिंट आता पिवळी पडली आहे आणि एका कोपऱ्यात काचेला चिकटली आहे. आत्याला नवी हवी आहे. मी चित्रकला शिकवते, हाताला ब्रशची सवय आहे, तेव्हा जमेल असं वाटतंय.

१९ नोव्हेंबर

१४ चा गठ्ठा. गार पाणी, त्यात बर्फाचे दोन खडे, पसरट ट्रे. तासाभरानं कडेच्या तीन सुटल्या. चौथी सुटताना तिच्यावरचं चित्र शेवाळासारखं बोटाला आलं आणि पाण्यात विरघळलं. पाचवीचंही तेच. थांबले.

कारण नंतर कळलं. चार वर्षांत गठ्ठ्यात बुरशी वाढली होती. बुरशी जिलेटिन खाते, आणि तिनं खाल्लेलं जिलेटिन गार पाण्यातसुद्धा विरघळतं. म्हणजे बुरशीचे ठिपके दिसले की पाणी अजिबात नको. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, तोही हलक्या हातानं.

हिशोब: पाच सुट्या झाल्या, त्यांतल्या दोन गेल्या. उरलेल्या नऊ तशाच वाळवून ठेवल्या. त्यांना मी आता हात लावणार नाही.

२६ नोव्हेंबर

आजीची निगेटिव्ह साफ केली. बुरशी नाही, पण दोन्ही बाजूंना चिखलाचा पातळ थर. चकचकीत बाजू अल्कोहोलनं पाच मिनिटांत निघाली. मंद बाजूवर, म्हणजे इमल्शनवर, तेलकट तपकिरी काहीतरी बसलं होतं. जिलेटिनला टर्पेंटाइननं काही होत नाही हे मी वाचलं होतं, आणि ते खरंच आहे. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून गोल गोल फिरवत मधून कडेकडे गेले. बोळ्याला आधी तपकिरी, मग राखाडी रंग आला. वाटलं, घाण निघतेय. दुसरा बोळा घेतला. तोही राखाडी. तिसरा जवळजवळ स्वच्छ.

खिडकीला धरून पाहिली. इतकी स्वच्छ निगेटिव्ह मी डब्यात दुसरी पाहिली नव्हती. भावाला फोन करून सांगितलं की अर्धं काम झालं.

२ डिसेंबर

बाथरूममध्ये डार्करूम. हाफ साइझ निगेटिव्हला एनलार्जर, म्हणजे चित्र मोठं करणारं यंत्र, लागत नाही हे मोठं सुख: पावणेपाच बाय साडेसहा इंच, ५ बाय ७ च्या कागदावर तशीच ठेवायची, वर काच, तीन फुटांवर १५ वॅटचा बल्ब. निगेटिव्हचं इमल्शन कागदाच्या इमल्शनवर. उलटी ठेवली तर आजीचा पदर दुसऱ्या खांद्यावर जातो.

कागद फायबरचा घेतला, २५ चं पाकीट २,९५० रुपये. प्लॅस्टिकचं अस्तर असलेला स्वस्त कागद होता, पण त्यावर ब्रशनं ठिपके भरायला गेलं की रंग नीट मुरत नाही. केमिकल सुटी आणून घरीच मिसळली: डेव्हलपरसाठी मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट, सोडियम कार्बोनेट, थोडं पोटॅशियम ब्रोमाइड, आणि उमटलेलं चित्र पक्कं करायला हायपो. १,६४० रुपये.

पहिले चार कागद राखाडी झाले. देवघरातला लाल झिरोचा बल्ब लावला होता. लाल दिसतो, पण रंग काचेवरून फासलेला, आणि होल्डरजवळच्या फटीतून पांढरा उजेड झिरपतो. आधी नाण्याची चाचणी घ्यायला हवी होती: अंधारात कागदावर नाणं ठेवायचं, लाल दिवा पाच मिनिटं लावायचा, मग कागद डेव्हलप करायचा. नाण्याची खूण उमटली तर दिवा वाईट. कागदाच्या एका पट्टीत हे कळलं असतं. चार कागद, म्हणजे जवळपास पावणेपाचशे रुपये, गेले.

३ डिसेंबर

नवा लाल एलईडी बल्ब, नाण्याची खूण नाही. बारा सेकंदांची प्रिंट चांगली आली.

डेव्हलपरमध्ये चेहरा वर आला तेव्हा वाटलं कागदच खराब आहे. कपाळभर, गालांवर, नाकाच्या शेंड्यावर बारीक काळे ठिपके, प्रत्येकाच्या एका कडेला उजळ रेघ. दुसरी काढली. ठिपके त्याच जागी. निगेटिव्ह भिंगाखाली धरली. धूळ नाही, ओरखडे नाहीत. ते तिच्या चेहऱ्यावरच होते.

आत्याला फोन केला. विचारलं, आजीला देवी आल्या होत्या का?

“हो की. लहानपणीच. तुला कुणी बोललं नाही कधी?”

कुणी नाही. बाबाही नाही.

आत्याच्या भिंतीवरच्या फोटोत एकही व्रण नाही. मग मला ते राखाडी बोळे आठवले. ते केराच्या डब्यात अजून होते. बाहेर काढून पांढऱ्या कागदावर दाबले तर पेन्सिलीच्या भुकटीसारखा चकाकता डाग उमटला. १९६२ साली कुणीतरी रीटचरनं, म्हणजे फोटोतले डाग हातानं झाकणाऱ्या कारागिरानं, निगेटिव्हवर पेन्सिलीनं एकेक व्रण भरला होता. ते काम आठवडाभर पुरात राहूनही टिकलं होतं. मी ते तीन बोळ्यांत पुसून टाकलं.

यातून दुसऱ्या कुणाचं वाचावं म्हणून नीट लिहिते. साफ करण्याआधी निगेटिव्हचा फोटो काढा, खालून उजेड देऊन एक आणि बाजूनं तिरका उजेड टाकून एक. तिरक्या उजेडात इमल्शनच्या बाजूला चेहऱ्यावरच जर पॉलिशसारखी वेगळी चमक दिसली, तर तिथं मिडियम, म्हणजे पेन्सिल उठावी म्हणून दिलेला राळेचा पातळ थर, आहे आणि त्यावर पेन्सिल आहे. त्या जागी टर्पेंटाइन नाही, अल्कोहोल नाही, काहीच नाही. मी फोटो काढला नव्हता. साधा मोबाइल शेजारी होता.

आज दुसरं काही केलं नाही.

१० डिसेंबर

फ्रेमवाल्यानं मिरजेतल्या एका काकांचा पत्ता दिला. वय ८१, चाळीस वर्षं वेगवेगळ्या स्टुडिओंचं रीटचिंग घरी आणून करायचे. निगेटिव्ह पाहायला त्यांनी स्वतःचं डेस्क काढलं: लाकडी चौकट, मध्ये तिरपी दुधी काच, खाली उजेड वर फेकणारा आरसा, वर काळ्या कापडाचा आडोसा. निगेटिव्ह काचेवर ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

“धुतलीत तुम्ही, बाई.”

हो म्हटलं.

मग त्यांनी मला दाखवलं की काय उरलंय. हनुवटीच्या खाली आणि मानेवर, जिथे माझा बोळा नीट पोचला नव्हता, तिथे पेन्सिलीचे बारीक स्वल्पविराम अजून होते. आणि कपाळावर कुंकवाच्या कडेनं पात्यानं खरवडल्याच्या खुणा. कुंकू प्रिंटमध्ये काळं दिसतं, म्हणजे निगेटिव्हवर ते पारदर्शक असायला हवं. कड पुसट होती ती जुन्या रीटचरनं खरवडून गोल केली होती. पात्याचं काम टर्पेंटाइननं जात नाही. काका म्हणाले, हात चांगला होता या माणसाचा.

मग काम कसं चालायचं ते सांगितलं. निगेटिव्हवर सगळं उलटं. प्रिंटमध्ये जे काळं नको ते निगेटिव्हवर पारदर्शक असतं, ते पेन्सिलीनं भरायचं. प्रिंटमध्ये जे पांढरं नको ते निगेटिव्हवर दाट असतं, ते पात्यानं उतरवायचं. देवीच्या खड्ड्याची सावली म्हणजे पारदर्शक ठिपका, आणि त्याची उजळ कड म्हणजे दाट रेघ. कडेला हात लावायचा नाही. सावली भरली की कड आपोआप दिसेनाशी होते.

लग्नाच्या फोटोंत हेच काम सगळ्यात जास्त असायचं, ते म्हणाले. मुलीच्या स्थळासाठी फोटो द्यायचा की आई-बाप स्टुडिओवाल्याच्या कानात सांगायचे, आणि पाकिटावर पेन्सिलीनं ‘दे.’ एवढंच लिहून त्यांच्याकडे यायचं. देशात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, पण चेहरे पुढे कितीतरी वर्षं येत राहिले.

१२ ते १६ डिसेंबर

मिडियम. गुळगुळीत जिलेटिनवर पेन्सिल उठत नाही, म्हणून आधी राळेचा अतिशय पातळ थर द्यावा लागतो. हे पाच दिवस बव्हंशी वाया गेले.

पहिला प्रयत्न: काष्ठौषधीच्या दुकानातली राळ, ६० रुपये, आणि रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन, ११० रुपये. विरघळली, पण वाळलीच नाही. दोन दिवसांनीही बोट चिकटत होतं. दुकानदारानं दिलेली राळ म्हणजे चीर पाइनच्या झाडाचा चिकट डिंक, बेरजा, होता. तो चिकटच राहतो.

दुसरा: ऑनलाइन मागवलेले डामरचे, म्हणजे दुसऱ्या एका झाडाच्या राळेचे, खडे, १०० ग्रॅमला ४५० रुपये, त्याच टर्पेंटाइनमध्ये. दुधासारखं पांढरं गढूळ झालं आणि तळाशी साका बसला. रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळतं ते बहुतेकदा खनिज तेलापासूनचं असतं. डामरला झाडाचंच टर्पेंटाइन लागतं.

तिसरा: चित्रकारांच्या सामानातलं खरं टर्पेंटाइन, २०० मिली २६० रुपये. १०० मिलीत ५ ग्रॅम डामर, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून बाटलीत दोरीनं लटकवला. रात्रभरात विरघळला, खड्यांतला कचरा पुरचुंडीत राहिला. स्वच्छ, फिकट पिवळं.

लावायची रीत: एकच थेंब, मऊ फलाणीच्या तुकड्यानं भराभर गोल पसरायचा आणि पुसत राहायचं, जवळजवळ नाहीसा होईपर्यंत. मी पहिल्यांदा जास्त ठेवला; पेन्सिल त्यात रुतली आणि ओढली गेली.

१७ ते ३० डिसेंबर

सराव. गठ्ठ्यातून वाचलेल्या दोन निगेटिव्हवर, ज्यातली माणसं कुणालाच ओळखता येत नाहीत. संध्याकाळी शाळेतून आल्यावर चाळीस मिनिटं. त्याहून जास्त बसलं की डोळे दगा देतात.

पेन्सिलीला टोक काढणं हेच पहिले चार दिवस. लाकूड इंचभर सोलून शिसं मोकळं करायचं, मग पॉलिश पेपरवर आडवं ठेवून बोटांत फिरवत घासायचं, सुईसारखं होईपर्यंत. तीन टोकं मोडली तेव्हा कळलं की पेन्सिल धरायची कशी: दाब द्यायचाच नाही, तिच्या वजनानं जेवढं उमटेल तेवढंच. ४एच बहुतेक सगळ्याला. जिथे ठिपका फार पारदर्शक असेल तिथे २एच, कारण मऊ पेन्सिल जास्त काळं देते.

पहिली प्रिंट काढली तर गालावर पांढऱ्या अळ्या फिरल्यासारखं दिसत होतं. निगेटिव्हवर मला काही जास्त वाटलं नव्हतं. कारणं दोन. एक, घड्याळजीकडून ३५० रुपयांना आणलेलं दहापट भिंग. त्यातून चेहरा दिसतच नाही, फिल्मचे कण दिसतात, आणि मी कण भरत बसले होते. काका साधं वाचायचं भिंग वापरतात, दोनपट. दुसरं, दुधी काचेखाली मी मोबाइलची टॉर्च लावली होती. त्या कडक उजेडात भरलेला ठिपकाही रिकामाच वाटतो. आता खाली आरसा, आणि समोर पांढऱ्या कागदावर टेबललॅम्प. उजेड कागदावरून आरशात आणि आरशातून वर.

पुसायला टर्पेंटाइन, पुन्हा मिडियम, पुन्हा पेन्सिल. ज्यानं माझं नुकसान झालं तेच इथे उपयोगी: हे काम कितीही वेळा पुसून परत करता येतं. एकाच निगेटिव्हवर सहा वेळा केलं. पाचव्या वेळी काका म्हणाले, “आता ठिपका भरताय. आधी ठिपक्यावर लिहीत होता.”

खूण अशी असावी: स्वल्पविराम, किंवा इंग्रजी आठचा अर्धा, ठिपक्याच्या आतच. कडेला टेकायच्या आधी हात उचलायचा. कडेवर गेली की प्रिंटमध्ये त्या ठिपक्याभोवती पांढरी कंकणं दिसतात.

७ जानेवारी २०२४

आजी. सुरू करण्याआधी काही न करता तीन प्रिंट काढल्या, नीट धुतल्या, वाळवल्या, पाकिटात ठेवल्या. व्रणांसहित हा चेहरा कागदावर पहिल्यांदाच आला आहे, आणि मिडियम-पेन्सिल लागल्यावर ते पुसल्याशिवाय पुन्हा असा मिळणार नाही.

मग ट्रेसिंग पेपरवर नकाशा केला. ६३ व्रण. भाच्यानं कराडहून आत्याच्या प्रिंटचा मोबाइलवर फोटो पाठवला, तो शेजारी ठेवला. नीट पाहिल्यावर एक गोष्ट कळली जी इतकी वर्षं भिंतीवर असूनही कुणी पाहिली नव्हती. त्या रीटचरनं सगळे व्रण काढले नव्हते. डाव्या कानाजवळचे दोन आणि जबड्याच्या कडेचा एक त्यानं ठेवला होता, प्रिंटमध्ये ते सावलीत आहेत. आणि डाव्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका त्यानं पेन्सिलीनं वाढवला होता. माझ्या प्रिंटमध्ये तो डोळा झोपाळू दिसतो. त्याच्या प्रिंटमध्ये आजी बघते.

मी त्याचंच काम त्याच्याच जागी करणार. कुठलाही व्रण माझ्या मनानं जास्तीचा काढणार नाही.

आज कपाळ. नऊ व्रण, ३५ मिनिटं.

१४ जानेवारी

पाच बैठका झाल्या. गाल संपले. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्यांत व्रण आहेत आणि तिथे हात अडतो. उजवीकडे व्रण भरता भरता मी घडीच बुजवली. प्रिंट काढली तर ती माझी चुलत बहीण दिसायला लागली. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नाकाशेजारची रेघ गेली की माणूस बदलतो. तेवढाच भाग कापूस गुंडाळलेल्या काडीनं टर्पेंटाइन लावून पुसला, सुकू दिला, मिडियमचा थेंब, पुन्हा. तिथल्या दोन व्रणांना अर्धंच भरलं.

डोळ्यातला ठिपका शेवटी. एक टोचा. दुसरा द्यावासा वाटला, दिला नाही.

२१ जानेवारी

पातं. पदराच्या काठावरून पुराच्या पाण्याची ओळ गेली आहे. निगेटिव्हवर ती दाट, म्हणून प्रिंटमध्ये पांढरी. सर्जिकल ब्लेड, नंबर १५, दहाचं पाकीट ८० रुपये, मेडिकलमधून. पातं जवळजवळ आडवं धरून पिसासारखं ओढायचं, कापायचं नाही. भुकटी इतकी बारीक निघाली पाहिजे की फुंकली की उडेल.

सव्वा इंच छान उतरली. मग रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, टेबल हललं आणि पातं जिलेटिनमधून खाली फिल्मपर्यंत गेलं. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा तुकडा निघाला. तिथे आता काहीच नाही, प्रिंटमध्ये तिथे ठार काळा डाग येणार.

काकांना फोन केला. त्यांनी विचारलं चेहऱ्यावर आहे का. नाही म्हटल्यावर निवांत झाले. उपाय: त्या भोकावर जलरंगाचा दाट ठिपका भरायचा, प्रिंटमध्ये तिथे काळ्याऐवजी पांढरा डाग येईल असा. कागदावरचा पांढरा डाग ब्रशनं भरता येतो. काळा डाग काढायचा तर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपोचं पाणी लावून उडवावा लागतो, आणि ते एक थेंब जास्त झालं की शेजारचंही खातं. लाल जलरंग घेतला, कारण प्रिंटच्या कागदाला लाल उजेड लागत नाही आणि थोडासा लालही पुष्कळ अडवतो.

उरलेली ओळ तशीच ठेवली. ती प्रिंटवरच भरेन. पात्याचं काम परत घेता येत नाही, आणि माझा हात अजून त्या लायकीचा नाही. जिथे रस्ता हलतो तिथे रात्री अकरानंतर बसावं, हे मात्र शिकले.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आले आणि दिवसभर प्रिंट. आठ काढल्या, चार ठेवल्या. फिक्सरमध्ये, म्हणजे हायपोच्या पाण्यात, थोडी तुरटी, म्हणजे जिलेटिन घट्ट होतं आणि पुढे ब्रशच्या ओलीनं सुटत नाही. धुणं एक तास, ट्रेचं पाणी दर पाच मिनिटांनी बदलून. आत्याची प्रिंट पिवळी पडली ती हायपो नीट न धुतल्यामुळे, हे काकांनी कडा पाहून सांगितलं. टाकी रिकामी झाली, शेजारणीकडून चार बादल्या आणल्या.

२८ जानेवारी

ब्रशनं ठिपके भरणं. तीन शून्यांचा सिंथेटिक ब्रश, १८० रुपये. काकांचा जुना ब्रश मुंगसाच्या केसांचा आहे. तसे आता कायद्यानं बंद आहेत, आणि सिंथेटिकनं काम अडत नाही. ते ब्रशला टोक जिभेवर काढतात. मी बोटावर काढते.

चायनीज शाई, बशीत तीन ठिकाणी तीन पातळ्या, प्रत्येकीत पातळ डिंकाचा एक थेंब, म्हणजे वाळल्यावर भरलेल्या जागेची चमक कागदाशी जुळते. पहिल्या प्रिंटवर पदरातली भरलेली ओळ निळसर दिसली. माझ्या कागदाचा काळा किंचित तपकिरी आहे, शाईचा काळा निळा. शाईत चिमूटभर बर्न्ट अंबर, म्हणजे तपकिरी रंग, मिसळल्यावर जुळलं. हे आधी टाकाऊ प्रिंटच्या कडेवर पाहायचं असतं.

ब्रश टिपकागदावर इतका कोरडा करायचा की कागदावर ओल दिसता कामा नये. एका ठिपक्याला सात-आठ टोचे. भोकाची जागा पदराच्या नक्षीत मिसळून गेली. मला माहीत आहे म्हणून दिसते.

खर्चाची बेरीज आज केली: ६,७०० रुपयांच्या थोडं वर, त्यातले सातशे तरी चुकांचे. संध्याकाळी धरून ६० तासांहून जास्त.

४ फेब्रुवारी

कराडला गेले. आत्याला दोन प्रिंट दिल्या. भरलेली आधी.

“हीच,” म्हणाली. चष्मा काढून जवळ धरली. “पण अजून स्पष्ट आलीय.”

मग दुसरी दिली, व्रणांची. ती हातात घेऊन आत्या खिडकीपाशी गेली. बराच वेळ तिकडेच होती. परत आली तेव्हा म्हणाली, फोटो काढायला आईबरोबर मीच गेले होते, तेरा वर्षांची होते. आईनं आधीच सांगितलं होतं स्टुडिओवाल्याला, खड्डे नकोत. वरचे पैसे तिनं स्वतःच्या पिशवीतून दिले, बाबांना कळू दिलं नाही.

मी विचारलं, मग भिंतीवर कुठली लावायची?

“तिला जी हवी होती ती. पैसे मोजलेत तिनं त्याचे.”

दुसरी तिनं परत दिली नाही. कपाटात, लुगड्यांच्या खाली ठेवली. निघताना म्हणाली, ह्या गालावर मी हात फिरवायची गं झोपताना.

मी तिला सांगितलं की जुनं काम मी पुसलं होतं. सांगायचं राहिलं होतं ते.

६ फेब्रुवारी

नवीन पाकीट, आम्ल नसलेल्या कागदाचं. वर शाई वापरली नाही. शिसपेन्सिलीनं लिहिलं:

मार्च १९६२. हाफ साइझ. जुनं पेन्सिलकाम नोव्हेंबर २०२३ मध्ये साफ करताना गेलं. कुंकवाच्या कडेचं पात्याचं काम जुनं, मूळ रीटचरचं. चेहऱ्यावरचं पेन्सिलकाम जानेवारी २०२४ चं, नवीन, जुन्या प्रिंटवरून. पदराच्या काठावर लाल रंगाचा ठिपका आहे, पाणी लावू नये. इमल्शनच्या बाजूला टर्पेंटाइन लावू नये.

पाकीट भावाच्या नव्या घरी, विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात वरच्या कप्प्यात. उद्यापासून बाकीच्या सुट्या निगेटिव्ह एकेक करून तिरक्या उजेडात पाहायच्या आहेत, कुठे पेन्सिल आहे का ते. आधी फोटो, मग बाकीचं.